गृहनिर्माण संस्थांतील गैरकारभार आणि सभासदांचे अधिकार

शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचा सर्वांत मोठा हिस्सा बहुधा एका सदनिकेत गुंतलेला असतो. सदनिका खरेदी करताना आपण चार भिंती विकत घेतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच वेळी आपण एका संस्थेत प्रवेश करीत असतो. जिना, गच्ची, उद्वाहक, पाण्याची टाकी, वाहनतळ आणि इमारतीखालची जमीन यांची व्यवस्था ती संस्था पाहते. त्या संस्थेचा कारभार बिघडला तर सदनिकेचे मूल्य घटते, राहणीमान खालावते आणि शेजारधर्मही उरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची सुमारे ३१ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या पुढे होते. त्यामुळे हा प्रश्न आता मूठभर महानगरांपुरता उरलेला नाही.

व्यवस्थापक समितीने गैरकारभार केल्यास सामान्य सभासदाने काय करावे, त्यासाठी कायद्यात कोणती तरतूद आहे आणि तरतूद असूनही गैरकारभार का टिकतो, या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सहकार, स्थानिक लोकशाही आणि सामूहिक मालमत्ता या विषयांच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग होईल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात सहकाराला कायदेशीर रूप १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने मिळाले. तो कायदा पतपुरवठ्यापुरता मर्यादित होता. १९१२ च्या कायद्याने ही मर्यादा दूर झाली आणि घरबांधणीसारख्या अन्य उद्देशांसाठी सहकारी संस्था स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा पुढाकार होता. महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत.

मालकीचे दोन प्रकार

बहुमजली इमारतींच्या व्यवस्थापनाचे देशात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. यात जमीन व इमारत संस्थेच्या नावावर असते आणि सभासदाला भाग व त्यायोगे सदनिकेच्या भोगवट्याचा हक्क मिळतो. महाराष्ट्रात अशा संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. या अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले.

दुसरा प्रकार अपार्टमेंट मालकीचा, म्हणजेच कॉन्डोमिनियमचा. यात प्रत्येक सदनिकाधारक आपल्या सदनिकेचा स्वतंत्र मालक असतो आणि सामाईक जागांत त्याचा अविभाज्य हिस्सा असतो. मालकांचा संघ आणि त्याचे व्यवस्थापक मंडळ सामाईक कारभार पाहते. महाराष्ट्राचा १९७० चा, कर्नाटकाचा १९७२ चा, केरळचा १९८३ चा आणि उत्तर प्रदेशाचा २०१० चा कायदा या प्रकारात मोडतो. तामिळनाडूने १९९४ च्या कायद्याच्या जागी २०२२ मध्ये नवा कायदा केला. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजे रेरा. त्यानुसार बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्राहकांची संस्था किंवा संघ स्थापन होईल अशी व्यवस्था करणे विकासकावर बंधनकारक आहे. राज्याच्या कायद्यात वेगळी तरतूद असेल तर ती लागू होते. तथापि रेराचा रोख विकासक आणि ग्राहक यांच्यातील संबंधांवर आहे. संघ स्थापन झाल्यानंतर त्याच्या अंतर्गत कारभाराचे वाद मुख्यतः राज्याच्या कायद्यांनुसारच सोडवावे लागतात.

हा भेद सभासदाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सहकारी संस्थेच्या सभासदाला निबंधक आणि सहकार न्यायालय अशी स्वतंत्र यंत्रणा उपलब्ध असते. अपार्टमेंट संघाच्या सदस्याला मात्र अनेक राज्यांत सक्षम प्राधिकारी किंवा दिवाणी न्यायालय यांवरच प्रामुख्याने अवलंबून राहावे लागते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे नोंदणी प्रमाणपत्रावरून पाहून घ्यावे.

घटनात्मक चौकट

सहकारी संस्था हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत (नोंद ३२) आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(क) मध्ये सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काचा समावेश झाला. हे अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडातील तिसरे उपखंड होय. याच दुरुस्तीने ४३-ब हे मार्गदर्शक तत्त्व आले आणि भाग नऊ-ब जोडण्यात आला. ही दुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. संचालक मंडळाची पाच वर्षांची मुदत, नियमित निवडणूक, वार्षिक लेखापरीक्षण आणि सभासदाचा माहितीचा हक्क हे भाग नऊ-ब चे मुख्य विषय होत.

मात्र किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती न घेतल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी बहुमताने हा भाग राज्यांतील सहकारी संस्थांच्या बाबतीत रद्द ठरवला. बहुराज्य सहकारी संस्थांना तो लागू राहिला. महाराष्ट्राने २०१३ मध्येच आपल्या अधिनियमात तशा सुधारणा केल्या असल्याने त्यांतील बहुतेक तत्त्वे राज्याच्या कायद्यात आलेली आहेत. परीक्षार्थींनी हा बारकावा ध्यानात ठेवावा : निकालामुळे भाग नऊ-ब ची व्याप्ती आकुंचित झाली, परंतु अनुच्छेद १९ मधील हक्क आणि अनुच्छेद ४३-ब कायम आहेत.

गैरकारभार का टिकतो?

कायदा पुरेसा असूनही गैरकारभार होतो, याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. समजा, ५० सदनिकांच्या संस्थेत प्रत्येकी दरमहा ३,००० रुपये देखभाल शुल्क आहे. संस्थेचे वार्षिक उत्पन्न १८ लाख रुपये होईल. त्यातील पाच टक्के रक्कम फुगवलेल्या बिलांतून गळत असेल, तर वर्षाला ९०,००० रुपयांचे नुकसान होते. परंतु एका सभासदाच्या वाट्याला येणारे नुकसान वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे महिन्याला अवघे १५० रुपये असते. त्यासाठी कागदपत्रे मागणे, कार्यालयाच्या खेपा घालणे आणि रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी वैर पत्करणे कोणालाही परवडत नाही. लाभ सर्वांचा आणि कष्ट एकाचा, अशी ही स्थिती आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीच्या सिद्धान्तात याच पेचाची मीमांसा केली.

याला माहितीच्या विषमतेची जोड मिळते. समिती ही सभासदांची प्रतिनिधी. पण दरपत्रके, देयके आणि बँकेचे पासबुक तिच्याच हाती असते. बाजारात वस्तू वाईट निघाली तर ग्राहक दुकान बदलतो. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनात 'बाहेर पडणे' आणि 'आवाज उठवणे' असे दोन मार्ग सांगितले आहेत. सदनिकाधारकाला बाहेर पडणे फार महाग पडते, कारण त्यासाठी घरच विकावे लागते. त्याच्यापुढे आवाज उठवणे हा एकच व्यवहार्य मार्ग उरतो.

दुसरी बाजूही पाहणे न्यायाचे ठरेल. समितीचे बहुतेक सदस्य नोकरी-व्यवसाय सांभाळून विनामोबदला काम करतात. म्हणून तीन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. पहिली हलगर्जी, उदाहरणार्थ इतिवृत्त वेळेवर न लिहिणे. दुसरी अधिकारातिक्रमण, म्हणजे सर्वसाधारण सभेच्या मंजुरीविना मोठा खर्च करणे किंवा नियमबाह्य शुल्क आकारणे. तिसरी अपहार. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. हलगर्जीला चोरी म्हटले की चांगली माणसे समितीवर येईनाशी होतात, आणि अपहाराला हलगर्जी समजले की निधी संपतो.

नियमबाह्य आकारणीचे उदाहरण पाहू. महाराष्ट्र शासनाच्या २००१ मधील आदेशांनुसार भाड्याने दिलेल्या सदनिकेवरील बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. सदनिकेच्या हस्तांतरणावरील अधिमूल्यालाही महानगरपालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपयांची मर्यादा आहे. 'ऐच्छिक देणगी' या नावाखाली याहून अधिक रक्कम सक्तीने घेणे हा अधिकारातिक्रमणाचाच प्रकार होय.

उपायांच्या पायऱ्या

महाराष्ट्रातील सहकारी संस्थेच्या सभासदापुढील मार्ग क्रमाने पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. कागदपत्रांची पाहणी : अधिनियम, उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. विहित शुल्क भरून प्रतीही मिळवता येतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१३ मधील निर्णयानुसार सहकारी संस्था ही सामान्यतः माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. तथापि निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने त्यांना कायद्याने उपलब्ध होणारी संस्थेची माहिती त्यांच्याकडून मागता येते.

२. समितीकडे लेखी तक्रार : आदर्श उपविधींनुसार समितीने पुढील बैठकीत तक्रारीवर निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत तो सभासदास कळवावयाचा असतो. अनेक वाद येथेच मिटतात.

३. सर्वसाधारण सभा : आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा झाली पाहिजे. त्याआधीही एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे समितीवर बंधनकारक आहे. समितीने टाळाटाळ केल्यास निबंधकांना ती बोलावता येते.

४. निबंधक : निधीचा गैरवापर, हिशेब न देणे, सभा किंवा निवडणूक न घेणे अशा तक्रारी उपनिबंधकांकडे कराव्यात. अधिनियमाच्या कलम ८३ नुसार एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावरून किंवा निबंधकांना स्वतःहून चौकशी करता येते. चौकशीत वा लेखापरीक्षणात नुकसान आढळल्यास कलम ८८ खाली संबंधितांवर व्यक्तिशः जबाबदारी निश्चित करून रक्कम व्याजासह वसूल करता येते. लेखापरीक्षकाला अपहार आढळल्यास निबंधकांना विशेष अहवाल देणे त्याचे कर्तव्य आहे.

५. सहकार न्यायालय : समितीचे किंवा सभेचे ठराव, निवडणूक, वाहनतळाचे वाटप, दुरुस्ती अशा बाबींतील वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. निवडणुकीसंबंधीच्या वादाला दोन महिन्यांची मुदत आहे. ती उलटल्यावर खरी तक्रारही निरुपयोगी ठरू शकते.

६. पोलीस : बनावट देयके, खोटे हिशेब किंवा निधीचा अपहार यांचा पुरावा असेल तर तो फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू असून तिच्या कलम ३१६ मध्ये फौजदारी विश्वासघाताची आणि कलम ३४४ मध्ये हिशेबांच्या खोट्या नोंदींची तरतूद आहे. संशय आणि पुरावा यांतील अंतर मात्र विसरू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. निषेध म्हणून देखभाल शुल्क थांबवण्याची चूक अनेक सभासद करतात. थकबाकीदार सभासद समितीच्या निवडणुकीस अपात्र ठरतो. शिवाय कलम १५४ ब-२९ नुसार वसुली दाखला मिळवून संस्था त्याच्याकडून थकबाकी वसूल करू शकते. तेव्हा वादग्रस्त रक्कम 'हरकत नोंदवून' भरावी आणि दाद स्वतंत्रपणे मागावी. तक्रारदार स्वतः थकबाकीदार असणे ही दोषी समितीच्या दृष्टीने सर्वांत सोयीची गोष्ट असते.

इतर राज्यांतील सहकारी संस्थांची यंत्रणा थोडी वेगळी आहे. गुजरातेत असे वाद 'बोर्ड ऑफ नॉमिनीज'पुढे जातात, तर दिल्लीत २००३ च्या कायद्यान्वये निबंधकांमार्फत लवादाकडे सोपवले जातात. तत्त्व मात्र समान आहे : आधी संस्थेअंतर्गत दाद, मग प्रशासकीय चौकशी आणि शेवटी न्यायनिर्णय.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक ज्या ५६ सदनिकांच्या संस्थेचा सभासद होता, तेथील प्रसंग येथे उद्बोधक ठरेल. समितीने गच्चीचे जलरोधन आणि बाहेरील रंगकाम यांसाठी २८ लाख रुपयांचे काम ठरवले. प्रत्येक सदनिकेवर ५०,००० रुपयांची वर्गणी बसली आणि कंत्राटदाराला आगाऊ रक्कमही दिली गेली. तळमजल्यावर राहणाऱ्या, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंना ही रक्कम निवृत्तिवेतनातून भरणे कठीण होते. त्यांनी कोणावरही आरोप केला नाही. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते पाहावयास मिळावीत, एवढाच अर्ज त्यांनी दिला. इतिवृत्तात तीन दरपत्रकांचा उल्लेख होता. परंतु दरांची तुलना कोठेच नव्हती.

त्यानंतर त्यांनी विशेष सभेच्या मागणीचा अर्ज घेऊन दारोदार फिरावयास सुरुवात केली. किमान १२ सह्या हव्या होत्या. त्यांना १७ मिळाल्या. सामूहिक कृतीचा सिद्धान्त वर्गात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या या लेखकाने त्या अर्जावर सही करण्यास आठ दिवस घेतले, हेही येथे नमूद केले पाहिजे. सचिव हे सकाळी फिरावयास जाताना सोबत असणारे गृहस्थ होते.

सभेत तिन्ही दरपत्रके मेजावर आली. तिन्हींत एकाच शब्दाचे एकसारखे चुकीचे स्पेलिंग होते. कंत्राटदार सचिवांचा नातलग असल्याचेही त्याच सभेत उघड झाले. ही गोष्ट त्यांनी समितीला सांगितलेली नव्हती. खजिनदारांनी उभे राहून, आपण न वाचताच सही केली, असे कबूल केले. त्यांनी पैसा खाल्ला नव्हता. तरीही त्या सहीविना रक्कम खात्यातून निघाली नसती. सभेने ठराव रद्द करून जाहीर निविदा मागवल्या. तेच काम २१ लाखांत झाले आणि प्रत्येक सदनिकेमागे १२,५०० रुपये वाचले. आगाऊ रकमेचा प्रश्न निबंधकांकडे गेला आणि तो सुटण्यास बराच काळ लागला.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात येते. निर्णायक पाऊल न्यायालयात पडले नाही. ते कागद पाहण्याच्या एका साध्या अर्जाने पडले. त्या आधीच्या सहा वार्षिक सभांत हिशेब एका मिनिटात, एकही प्रश्न न विचारता मंजूर झाले होते. गैरकारभाराची सवय त्या सहा मिनिटांत घडली होती.

प्रतिबंधक उपाय

सामूहिक साधनसंपत्तीचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरकर्त्यांनी स्वतः केलेली देखरेख, चुकीच्या प्रमाणात वाढत जाणारी शिक्षा आणि वाद मिटवण्याची स्वस्त सोय या बाबी जेथे असतात, तेथे सामूहिक मालमत्ता टिकते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. गृहनिर्माण संस्थेला हे निष्कर्ष तंतोतंत लागू पडतात. दरमहा जमाखर्चाचा गोषवारा सूचना फलकावर लावणे, ठरावीक रकमेवरील प्रत्येक कामासाठी जाहीर निविदा मागवणे, नातेसंबंध आधी जाहीर करणे, सिंकिंग फंड स्वतंत्र ठेवून सर्वसाधारण सभेच्या मंजुरीविना त्याला हात न लावणे आणि लेखापरीक्षकाचा अहवाल सभेत प्रत्यक्ष वाचून दाखवणे, या पाच सवयींना फारसा खर्च येत नाही. अपार्टमेंट संघांसाठीही जलद व स्वस्त वादनिवारणाची यंत्रणा राज्यांनी उभारणे आवश्यक आहे.

समारोप

पंचायत, नगरपालिका, विधानसभा आणि संसद या लोकशाहीच्या परिचित पायऱ्या होत. शहरातील नागरिकाच्या बाबतीत त्यांच्याही खाली एक पायरी आहे, ती त्याच्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेची. तेथे मतदार, उमेदवार, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण हे सर्व असते. प्रतिनिधीला प्रश्न विचारणे हे वैर नव्हे आणि प्रश्नाला उत्तर देणे हा अपमान नव्हे, हा धडा नागरिक जर आपल्या जिन्यात शिकला नाही, तर तो अन्यत्र शिकेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ९७ व्या घटनादुरुस्तीतील तरतुदी सांगून २०२१ च्या निर्णयानंतरची त्यांची स्थिती स्पष्ट करा.
२. सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट मालकांचा संघ यांतील फरक वादनिवारणाच्या दृष्टीने सांगा.
३. 'गैरकारभाराचे मूळ कायद्याच्या उणिवेपेक्षा सभासदांच्या उदासीनतेत आहे.' सामूहिक कृतीच्या सिद्धान्ताच्या आधारे चर्चा करा.